ट्रेलरमधला एक शॉट आणि हातातून गेलेला सिनेमा

राधिका_कोथरूड
गेल्या रविवारी बाबांना घेऊन एका मराठी रहस्यपटाला गेले होते. बाबा पंचाहत्तरीचे, गुडघ्यांमुळे वर्षातून एखादाच सिनेमा होतो. नाव लिहीत नाही, अजून चालू आहे.

ट्रेलर आधी दोनदा पाहिला होता, एकदा फोनवर आणि एकदा दुसऱ्या सिनेमाच्या मध्यंतरात. त्यात पावसात घाटातल्या कठड्याला टेकून थोरला भाऊ उभा आहे, डाव्या हाताला बँडेज. आता सिनेमात मध्यंतराआधीच हा भाऊ गाडीसकट दरीत जातो. थिएटर चिडीचूप. आणि माझ्या डोक्यात एकच, बँडेजचा शॉट अजून आलेला नाही. म्हणजे हा जिवंत आहे.

मध्यंतरात बाबा हळूच म्हणाले, "अगं, तो कठड्यापाशी उभा असतो ते कधी यायचंय?"

पुढचा सव्वा तास आम्ही दोघं त्या शॉटची वाट बघत बसलो. तेराव्याला आई त्याचंही ताट वाढते आणि वरणावर तूप घालताना तिचा हात थांबतो. काय काम केलंय त्या बाईंनी! आणि मला रडू आलं नाही. याचंच फार वाईट वाटतंय.

ट्रेलर करणाऱ्यांना हे कळत नाही का? तुमच्यापैकी कोणी ट्रेलर बघणं सोडलंय का?

संकलनखोली
मी पुण्यातच एडिटिंग करतो, चार-पाच ट्रेलर कट केलेत. कळतं हो ताई. पहिल्या कटमध्ये असे शॉट आम्ही ठेवतच नाही. मग निर्माते येऊन बसतात. "दरीचं कुठंय? तीन दिवस क्रेन लावली होती!" ज्यावर खर्च झाला ते ट्रेलरमध्ये दिसलंच पाहिजे असा हट्ट असतो, आणि खर्च बहुतेक वेळा उत्तरार्धावर झालेला असतो.

मोठ्यांचंही तेच. 1991 चा 'टर्मिनेटर 2' असा रचलाय की भविष्यातून आलेल्या दोघांपैकी मुलाला मारायला कोण आलाय आणि वाचवायला कोण, हे बराच वेळ कळू नये. ट्रेलरने ते आधीच सांगून टाकलं होतं.

शनिपारच्या_मावशी
मला नाही पटत. चौघं जायचं म्हणजे तिकिटं, पार्किंग, मुलांचं पॉपकॉर्न, हजार रुपये सहज मोडतात. काय बघायला चाललोय ते कळायला नको? 'कास्ट अवे'च्या (2000) ट्रेलरमध्ये नायक बेटावरून परत येतो हेही दाखवलं होतं, आणि दिग्दर्शक झेमेकिस यांनी त्याचं समर्थनच केलं होतं. लोकांना आधी कळलेलं हवं असतं.

आणि कीर्तनाला आपण आख्यान माहीत असूनच जातो ना?

राधिका_कोथरूड
मावशी, कीर्तनाचं अगदी खरं. पण बुवा आख्यान पहिल्यापासून रंगवत नेतात, आपण त्यांच्या मागून जातो. इथे मी आईच्या मागून गेलेच नाही. मी हिशेब करत बसले होते, कुठला तुकडा आला नि कुठला राहिला. शेवट कळला असता तरी चाललं असतं, हा हिशेब नको होता.

लॉ_कॉलेज_रोड
फिल्म अॅप्रिसिएशनच्या कोर्सला होतो तेव्हापासून 'सायको'चा (1960) ट्रेलर डोक्यात बसलाय. सहा मिनिटांहून मोठा. दिग्दर्शक हिचकॉक स्वतः सिनेमातलं मोटेल आणि मागचं घर फिरून दाखवतो. खून जिन्यात झाला, न्हाणीघरात झाला, हे सगळं सांगतो, पण सिनेमातले प्रसंग दाखवत नाही. त्यामुळे वाट बघायला शॉटच उरत नाहीत. राधिकाताई, तुमचा हिशेब तिथे सुरूच होत नाही.

मी आता टीझर बघतो, ट्रेलर नाही. मध्यंतरात लागलाच तर बाहेर जाऊन चहा घेतो.

संकलनखोली
हे पटलं. पुढच्या वेळी निर्मात्यांना तोच दाखवतो.

राधिका_कोथरूड
बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, मध्यंतरात मला उठवू नकोस, मी डोळे मिटून बसेन, तू फक्त संपला की हात लाव. पुढच्या शनिवारची दोन तिकिटं काढलीत. पोस्टरपलीकडे काही पाहिलेलं नाही.