क्यूआर कोड आणि चतकोर भाकरी

धड्यांचे व्हिडिओ आले की शिक्षकाचं काम कमी होतं, असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर धडा उघडतो, ही सोय उत्तमच. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या डिसले गुरुजींनी पुस्तकांत असे कोड आणले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण परवा चौथीतल्या एका मुलीने अपूर्णांकांचा व्हिडिओ तीनदा मागे नेऊन पाहिला, तरी तिचं उत्तर तेच: पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा, कारण दोनापेक्षा चार मोठे! शेवटी डब्यातली भाकरी काढली, आधी अर्धी केली, मग चतकोर. चतकोर हातात घेतल्यावर म्हणाली, "हे तर लहानंय की सर!" ती नेमकी कुठे अडलीय, हे व्हिडिओला कसं कळणार?

व्हिडिओ नकोत असं अजिबात नाही. वर्गात "परत सांगा" म्हणायला लाजणारी पोरं तेच दहादा ऐकतात, हे फार मोलाचं. अडचण फोनची आहे. घरात एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून गृहपाठाला व्हिडिओ देणं मी बंद केलंय. मधल्या सुट्टीत माझ्याच फोनवर दाखवतो, चार-चार जणांना.