समुद्रावरच्या सूर्योदयाचा फोटो काढायचाय, जळगावहून कुठे जाऊ?

प्रश्न (केळीवाला_रावेर): राम राम मंडळी. अलिबागला समुद्रातून उगवणारा सूर्य मिळेल का? किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच आलेली) आणि ट्रायपॉड आहे.

तापीकाठचा: काय भो, कोकणात सूर्य डोंगरामागून उगवतो अन् समुद्रात मावळतो! पाण्यातून उगवताना पाहिजे तर पूर्व किनारा. पुरीला जा, अहमदाबाद-पुरी गाडी आपल्या जळगाव-भुसावळवरूनच जाते. थंडीतच जा पण, तिथला किनारा दक्षिणेकडे वळलेला आहे, उन्हाळ्यात सूर्य जमिनीच्या बाजूला सरकतो. आणि हो, पुरी आपल्यापेक्षा 10 अंश पूर्वेला, म्हणजे तिथे 40 मिनिटं आधी उजाडतं, आपल्या सवयीने उठशील तर चहाच पिशील फक्त.

फोटोवाली_धुळे: दादा, सूर्य वर यायच्या पाऊण तास आधी पोच, खरा रंग तेव्हाच असतो. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 100, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) 8 ते 11, शटर अर्धा-एक सेकंद उघडं, आणि लाट परत फिरताना क्लिक कर, वाळूवर फेसाच्या पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या येतात, लाट येताना मारलास तर नुसता धुरकट पांढरा पट्टा. ट्रायपॉडचे पाय आधीच वाळूत दाबून घे नाहीतर पाणी खालची वाळू ओढून नेतं आणि फोटो हलतो. लेन्सवर खारे तुषार बसतात, मऊ कापड खिशातच ठेव.

केळीवाला_रावेर: भारी! सराव कुठे करू?

तापीकाठचा: आपल्या तापीवरच्या हतनूर धरणावर जा ना. लाटा नाहीत, पण उजेड समजतो.