अनुभव धागा : 2000 नंतरचे सर्वोत्तम विज्ञानपट आणि मालिका – तुमची क्रमवारी कोणती?

क्रमवारी लावायची तर आधी कसोटी ठरवावी लागते. तिकीटबारी आणि दृश्यांची भव्यता बाजूला ठेवून मी एकच गोष्ट पाहते : सुरुवातीला जे गृहीतक मांडले, त्याची किंमत कलाकृतीने शेवटपर्यंत मोजली का? या कसोटीवर माझा क्रम असा : 'द एक्स्पान्स', 'अरायव्हल', 'चिल्ड्रन ऑफ मेन', 'डार्क', 'इंटरस्टेलर'. आपल्या कामाशी किंवा आयुष्याशी ज्या कलाकृतीचा खरा संबंध आला, तिच्याविषयी लिहावे आणि क्रम बदलायचा असल्यास कारण द्यावे. रहस्यभेद होणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

मालवाहू जहाजावरील इंजिनिअर, रत्नागिरी

'द एक्स्पान्स' (2015–2022) पहिल्या क्रमांकावर आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. पहिल्याच भागातले कँटरबरी हे जहाज शनीच्या कड्यांतला बर्फ सेरेस या बटुग्रहावरील वसाहतीला पोहोचवते, आणि त्यावरची माणसे वीरपुरुष नसून करारावर काम करणारी, घरापासून लांब राहणारी, बोनसचा हिशोब करणारी खलाशी मंडळी आहेत. बर्फ चढवताना एका कामगाराचा हात तुटतो आणि काम पुढे चालू राहते. नंतर एक संकटसंदेश येतो. वेळ आणि पैसा बुडेल म्हणून कोणालाही तिकडे वळायचे नसते, पण जहाजावरचा अधिकारी होल्डन तो गुपचूप नोंदवतो आणि नोंद झाली म्हणून जहाजाला मदतीला जावेच लागते. समुद्रावरही संकटात सापडलेल्यांना मदत करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मार्ग बदलण्याचा निर्णय होताना डेकवर जी शांतता पसरते ती मी अनुभवली आहे. म्हणून पुढचे सगळे युद्ध या एका नोंदीतून पेटते हे मला पूर्णपणे पटले.

या मालिकेत गुरुत्व फुकट मिळत नाही. इंजिन चालू असेल तरच पाय जमिनीवर टेकतात, आणि अर्ध्या वाटेवर जहाज उलटे फिरवून तितकाच वेळ वेग कमी करावा लागतो. पाणी आणि हवा ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता, हे राजकारणही त्याच भौतिकशास्त्रातून येते. तीन पर्वांनंतर 2018 साली वाहिनीने ती बंद केली होती. ॲमेझॉनने ती पुढे नेली नसती तर फार मोठे नुकसान झाले असते.

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका, नाशिक

'इंटरस्टेलर' (2014) पाचवा? मी तो दुसरा ठेवीन. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून त्यातले कृष्णविवर उभे केले गेले. 10 एप्रिल 2019 रोजी एम87 दीर्घिकेतील कृष्णविवराचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा मी दोन्ही प्रतिमा वर्गात शेजारी शेजारी लावल्या. खऱ्या कड्याची एक बाजू अधिक तेजस्वी का आणि चित्रपटातले कडे सर्व बाजूंनी सारखे का, यावर मुलांनी तासभर वाद घातला. (प्रेक्षकांचा गोंधळ होऊ नये म्हणून चित्रपटात तो फरक मुद्दाम वगळला होता.) एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, हे फळ्यावर लिहून दाखवता येते, परंतु तेवीस वर्षांचे साठलेले निरोप एकामागून एक पाहणारा बाप दिसला, की मागच्या बाकावरची मुलेही सापेक्षता समजून घ्यायला पुढे सरकतात. याउलट 'ग्रॅव्हिटी' (2013) मला यादीत नको. हबल दुर्बीण आणि अंतराळ स्थानक यांच्या कक्षांची उंची आणि कल इतके वेगळे आहेत, की एकीकडून दुसरीकडे तरंगत जाणे शक्यच नाही.

भाषा-अभ्यासक, नंदुरबार

'अरायव्हल' (2016) मधली, परग्रहवासीयांशी संवाद साधू पाहणारी भाषातज्ज्ञ लुईस सैन्याधिकाऱ्याला फळ्यावर समजावते, की 'तुम्ही इथे का आलात' हे विचारण्यापूर्वी प्रश्न म्हणजे काय हेच समोरच्याला समजले पाहिजे. सातपुड्यातल्या पाड्यांवर नोंदी घेताना घाईत असलेल्या वरिष्ठांना हेच सांगण्यात माझे कितीतरी दिवस गेले आहेत. समोरच्याला आपला चेहरा दिसावा म्हणून ती संरक्षक पोशाख उतरवते, तो क्षण माझ्या दृष्टीने या शतकातल्या विज्ञानपटांतला सर्वांत खरा आहे. मात्र जगाचे भांडण एका दूरध्वनीवर मिटते, ही सोय मला खटकते. दुसरा क्रमांक ठीक आहे.

यंत्र अभियंता, हाइलब्रॉन, जर्मनी

'डार्क' (2017–2020) मी जर्मन सहकाऱ्यांसोबत पाहिली. कालप्रवासाचे तेहतीस वर्षांचे चक्र आणि वंशावळीचे कोडे सगळेच वाखाणतात, परंतु इथल्या लोकांसाठी ती अणुवीज केंद्राशेजारच्या गावाची गोष्ट आहे. चेर्नोबिलनंतर 1986 मध्ये आम्हाला वाळूत खेळू देत नसत, असे एका वयस्क सहकाऱ्याने सांगितले आणि त्या काळातल्या प्रसंगांचे वजन मला कळले. आमच्याजवळचे नेकारवेस्टहाइमचे केंद्र 15 एप्रिल 2023 रोजी बंद झाले. तिसऱ्या पर्वात गुंतागुंत हाताबाहेर जाते, म्हणून चौथा क्रमांक मला मान्य आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

'चिल्ड्रन ऑफ मेन' (2006) वर न्यावा, असा माझा आग्रह आहे. ओसाड शाळेत बसलेली सुईण सांगते, की आपोआप होणारे गर्भपात वाढत गेले आणि एके दिवशी नोंदवहीत पुढच्या महिन्यांसाठी एकही नाव नव्हते. प्रसूतिगृहातली ती वही मी रोज उघडते, त्यामुळे कोणत्याही स्फोटापेक्षा ते वाक्य मला भयंकर वाटले. जगभर पसरलेल्या या वंध्यत्वाचे कारण चित्रपट सांगत नाही, याला काहीजण त्रुटी म्हणतात. मला ते योग्य वाटते, कारण कारण कळले असते तर कथा उपायाच्या शोधाकडे वळली असती आणि मूल जन्मत नाही म्हणून समाज निर्वासितांशी किती क्रूर होतो, हे पाहणे मागे पडले असते. तो 'अरायव्हल'च्या वर आणि 'द एक्स्पान्स'च्या खालोखाल असावा.