अहमदिया जमात : जिहाद रद्द की तहकूब?

पांथस्थ
अहमदियांनी (मिर्झा गुलाम अहमद यांना मसीह मानणारी जमात) जिहाद रद्द केला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण कुराणातली एकही आयत (वचन) मन्सूख, म्हणजे रद्द झालेली नाही, असंही तेच ठासून सांगतात. मेळ कसा बसतो? शिवाय लेखणीच्या जिहादासाठी दिला जाणारा २५:५२ (सूरा म्हणजे अध्याय २५, आयत ५२) हा हवाला त्यांच्या प्रतीत शोधला तर भलतीच आयत निघते.

शाईदौत
आधी आकड्याचा घोळ. ते सूरेच्या आरंभीची बिस्मिल्लाह पहिली आयत धरतात, म्हणून (पहिली सूरा फातिहा आणि नववी सूरा सोडून) आकडा एकाने पुढे सरकतो. २५:५३ उघडा. तिथे 'बिही' म्हणजे 'याच्या साहाय्याने' मोठा जिहाद करा, असं आहे. 'याच्या' म्हणजे कुराणाच्या. सूरा मक्केतली, तेव्हा लढाईची परवानगीच नव्हती. लेखणीच्या जिहादाचा मुख्य आधार हाच. पैशाचाही जिहाद असतो: मिळकतीचा सोळावा हिस्सा चंदा (जमातीला वर्गणी), वसियत (जमातीच्या नावे मृत्युपत्र) केली असेल तर किमान दहावा.

आता रद्द-तहकूब. जमातीचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी उर्दू कवितेत वापरलेला शब्द 'इल्तवा', म्हणजे तहकुबी. तीही फक्त किताल, म्हणजे सशस्त्र लढाईची. २२:४० मध्ये (इतरांच्या प्रतीत २२:३९) परवानगी मिळते ती अन्याय झालेल्यांना, ज्यांच्यावर लढाई लादली गेली त्यांना. ती स्थिती नसेल तर हुकूम लागू होत नाही. पुसला जात नाही.

जुनी वही
'लहान जिहादाकडून मोठ्याकडे परतलो' ही हदीस (पैगंबरांचं म्हणून सांगितलेलं वचन) वादात पुढे करू नका, तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, कमकुवत आहे. नफ्साशी (स्वतःच्या वासनांशी) झगडणारा तो मुजाहिद (जिहाद करणारा), ही तिर्मिझी या हदीससंग्रहातली त्यापेक्षा भक्कम. आणि तहकुबीला आधार म्हणून दिला जाणारा, मसीह 'युद्ध थांबवेल' हा बुखारी या हदीससंग्रहातला पाठ काही प्रतींत 'जिझिया (बिगरमुस्लिमांवरचा कर) थांबवेल' असा आहे. विरोधक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

उलटतपासणी
इंग्रजी अमलात हे सोयीचंच होतं की! वर १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत जमातीची फुरकान बटालियन उतरली होती. आणि पाकिस्तानात अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवणारी १९७४ची घटनादुरुस्ती, त्यांना स्वतःला मुस्लिम म्हणवायला बंदी घालणारा १९८४चा वटहुकूम, म्हणजे धर्मापायी छळ आहेच. मग लढाईच्या परवानगीची अट पुरी झाली नाही का?

शाईदौत
सोयीचा आक्षेप जुना आहे आणि निव्वळ उडवून लावण्यासारखा नाही. फुरकान मात्र त्यांच्या चौकटीत बसते: ती लढाई पाकिस्तान सरकारच्या बाजूने होती, आणि १९५० मध्ये तुकडी विसर्जित झाली. छळाबाबत त्यांचा क्रम असा: आधी सब्र (संयम), मग हिजरत (स्थलांतर), आपल्याच सरकारविरुद्ध शस्त्र नाही. १९८४ मध्ये खलिफा (जमातीचे प्रमुख) पाकिस्तानातल्या रब्वाहून लंडनला गेले ते याच क्रमाने. २०१० मध्ये लाहोरच्या दोन अहमदी मशिदींत ८०हून अधिक माणसं मारली गेली, तेव्हाही आदेश सब्र आणि दुआ (प्रार्थना) एवढाच होता.