मोटरबोट, तंबू आणि तळ्याकाठचा मुक्काम: तुमचे अनुभव लिहा

कंदीलवाली
गॅरेज आवरताना व्हॉयेजर्स नॅशनल पार्कचा जलनकाशा सापडला. नामाकन लेकवर हळदीचा डाग अजून शाबूत! म्हणून हा धागा.

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीवर हे पार्क, १९७५ सालचं. रेनी, काबेटोगामा, नामाकन, सँड पॉइंट ही चार मोठी तळी. तळ्याकाठच्या कॅम्पसाइटना गाडीरस्ता नाही, बोटीनेच जायचं. आम्ही ॲश रिव्हरहून भाड्याची बोट घेतली. नवरा सुकाणूवर, मी मांडीवर नकाशा घेऊन "अहो, लाल बोया दिसला, हिरवा कुठाय?" करत. बोया म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण. ती वाट सोडली की पाण्याखाली खडक, इंजिनाच्या पंख्याची पाती गेलीच म्हणून समजा.

बेटावर पोचल्यावर बोट बांधली, इंजिन वर उचललं आणि खाण्याचं सगळं अस्वलांनी पळवू नये म्हणून ठेवलेल्या लोखंडी पेटीत कोंबलं. टूथपेस्टसुद्धा आत. लेक विचारतो, "अस्वलं दात घासतात?" मध्यरात्री लून पक्ष्याने सूर लावला तशा सासूबाई ताडकन उठून बसल्या. "अगं, कोण रडतंय ते बघ आधी!" राज्यपक्षी आहे म्हटलं, तर म्हणे, राज्याला दुसरा मिळाला नाही का?

लिहा मंडळी, कुठल्याही तळ्याचं चालेल.

वॉलायवेडा
सासूबाईंना दंडवत _/\_

काबेटोगामा. सकाळी पाणी तेल ओतल्यासारखं, दुपारी वारा फिरला आणि पांढऱ्या लाटा. आमची सोळा फुटी बोट. बायको म्हणाली, आज हलायचं नाही. हललो नाही. एक रात्र जास्त राहिलो, ब्रेड संपला, मग वॉलाय मासे धरून रवा लावून तव्यावर. त्या दिवसापासून लेकीला घरचा मासा आवडत नाही. (१६ पूर्ण असेल तर फिशिंग लायसन्स काढूनच जा हं.)

खमंग_काकू
नुसता रवा? तांदळाची पिठी नाही?

वॉलायवेडा
निम्मं निम्मं काकू. आणि आगळ नेलं होतं बाटलीतून.

खमंग_काकू
मग ठीक.

पश्चिमवारा
आमचं यलोस्टोन लेक, यलोस्टोन नॅशनल पार्कातलं. उंची ७,७०० फुटांच्या वर, भर उन्हाळ्यात पाण्यात हात घातला तर बोटं बधिर. पडलात तर पोहता येतं की नाही हा प्रश्नच नाही, गारठूनच माणूस जातो. रेंजरबाईंनी बजावून सांगितलं, पहाटे निघा, काठ धरून चला, दुपारच्या वाऱ्याआधी तंबू ठोका. बोटीचं परमिट वेगळं, मुक्कामाचं वेगळं. तळ्याच्या दक्षिणेकडच्या फाट्यांच्या टोकाला तर मोटर बंदच, वल्ही मारा.

गंमत माशांची. कटथ्रोट हा तिथला मूळचा ट्राउट, गळाला लागला तर सोडून द्यायचा. लेक ट्राउट बाहेरून आलेला, १९९४ मध्ये तळ्यात सापडला, तो कटथ्रोटना खातो. म्हणून लागला की मारायचाच, नियमच आहे. आमच्यातला जैन मित्र हे ऐकून म्हणाला, "मी सरपण गोळा करतो."

सातारी_बाणा
तुमचं सगळं भारीच, पण तापोळ्याला या एकदा. शिवसागर, बोट, काठाला तंबू, पिठलं-भाकरी. अस्वलाची पेटी लागत नाही, माकडांसाठी मात्र काठी ठेवा.

निवांत_नाना
फोनवरून लिहितोय, चुकभूल माफ. लहान पोरं असतील तर लाइफ जॅकेट अंगातच हवं. मिनेसोटात बोट चालू असताना १० वर्षांखालच्यांना कायद्यानेच. आमच्या नातवाने ते घालूनच झोपायचा हट्ट धरला. झोपला.
परतताना बोटीचा ड्रेन प्लग काढूनच हायवेला लागायचं हेही लक्षात ठेवा. एका तळ्यातली कीड दुसऱ्यात जाऊ नये म्हणून.

मुंबईकर_ममा
सगळं वाचलं. संडासाचं काय???

कंदीलवाली
ममा, हाच खरा प्रश्न :) प्रत्येक जागेला खड्ड्याचा असतो. टॉर्च न्या, डासांचं औषध आधी फासून जा. जूनमध्ये तर फारच.

नाना, व्हॉयेजर्समधल्या केटल फॉल्सला गेलात का? तिथून दक्षिणेला बघितलं की कॅनडा दिसतो. जुन्या हॉटेलच्या बारमधली जमीन इतकी कललेली की न पिताच तोल जातो.

निवांत_नाना
गेलो ना. मी चहाच घेतला, तरी सौ. संशयाने बघत होत्या.

खमंग_काकू
मासे फार झाले. बोटीवर टिकणारं शाकाहारी सांगा कुणीतरी, आमच्याकडे चतुर्थी असते.

वॉलायवेडा
दशम्या. चार दिवस हूं की चूं करत नाहीत. मात्र पेटीतच ठेवा, अस्वलाला चतुर्थी नसते.