मदत हवी आहे: वाडीमागच्या गायरानात स्थानबद्धता केंद्र

मंडळी, गाव रत्नागिरी तालुक्यातलं. आमच्या वाडीमागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, परदेशी नागरिकांसाठी स्थानबद्धता केंद्र येणार म्हणतात. परवा मोजणीवाले कातळावर चुन्याच्या खुणा करून गेले. एक खूण तर शिमग्यात पालखी बसते त्या सहाणेपासून हाकेच्या अंतरावर. ७/१२ वर जमीन गायरान. ग्रामसभेत विषयच आला नाही, सरपंच म्हणतात "वरून आलंय". माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस, तोवर जेसीबी आला तर? आत येणाऱ्या माणसांवर राग नाही हो, पण एप्रिलात आम्हीच टँकरची वाट बघतो. आधी विशेष ग्रामसभा मागू की थेट तहसीलदारांकडे लेखी हरकत देऊ? आणि चाकरमान्यांचं नाव गावच्या मतदारयादीत असेल तर त्यांचा हात ठरावाला मोजतात ना?