इंग्रजी शिकवायला परदेशी: पगार, पासपोर्ट, कागदपत्रं. तुमचे अनुभव लिहा

मिरजकर

माझ्या भाचीला गेल्या महिन्यात एक जाहिरात दिसली. कोरियात इंग्रजी शिकवा, महिना दोन लाख, राहणं फुकट, अनुभवाची अट नाही. पोरगी एम.ए., बी.एड. आहे. सांगलीत सीबीएसई शाळेत पाच वर्षं इंग्रजी शिकवते, हातात २८ हजार येतात. फोन केला तर पलीकडच्या गोड आवाजाने 'प्रोसेसिंग'चे १ लाख ८० हजार सांगितले, त्यातले निम्मे आधी. ताई एफडी मोडायला निघाली तेव्हा कुठे मला कळलं.

मी स्वतः कधी मिरजेच्या बाहेर नोकरी केली नाही, त्यामुळे तिला 'थांब' एवढंच सांगू शकलो. इथे जाऊन आलेले बरेच जण आहेत हे माहीत आहे, म्हणून हा धागा. दोन विनंत्या: पगाराचा आकडा लिहाल तर सालही लिहा, नाहीतर २०१० चे रियाल आणि आजचे रुपये यांची खिचडी होते. आणि वाईट अनुभव लिहिताना कंपनीचं किंवा शाळेचं नाव नको.

वाचनमात्र

कोरियाचं आधी सांगतो, ताईंची एफडी वाचू दे. तिथे इंग्रजी शिकवायचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताचा कोरियाशी २०१० पासून व्यापार करार आहे. त्यात भारतीयांना शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची सोय कागदावर आहे, पण त्यालाही शिक्षकाची पात्रता लागते. सरकारी भरतीचा जो एपिक कार्यक्रम आहे, तो त्या सात देशांपुरताच. तेव्हा 'अनुभवाची अट नाही' म्हणणारा माणूस सरळ थापा मारतोय.

पार्किंगवाली

मी २०१२ ते २०१७ ओमानमध्ये होते, कॉलेजच्या फाउंडेशन विभागात. तिथे बारावीनंतर मुलांचं इंग्रजी पक्कं करून घेतात आणि मग पदवीला बसवतात. त्या वर्गांना शिक्षक भरपूर लागायचे. माझं एम.ए. कोल्हापूरचं, वर हैदराबादच्या इफ्लूचा (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) इंग्रजी अध्यापनाचा डिप्लोमा. मुलाखतीत एम.ए.पेक्षा त्या डिप्लोम्यावरच जास्त विचारलं.

पगार ७०० रियाल, तेव्हाचे साधारण ९५ हजार रुपये. मला वाटलं, जिंकलो. पहिल्याच महिन्यात कळलं की शेजारच्या टेबलावरच्या ब्रिटिश बाईला जवळजवळ दुप्पट आहेत आणि घरभाडं वेगळं. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, बी.ए. इतिहास. ती थेट कॉलेजच्या करारावर, मी एजन्सीच्या. वेळापत्रक, वर्ग, तपासायच्या वह्या, सगळं अगदी सारखं. बाई स्वभावाने फार चांगली होती, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. वह्या तिनेच मला वेळेत तपासायला शिकवलं.

आता माझ्या नावाची गोष्ट. अरबीत 'प' नाही, त्यामुळे मुलं पार्किंगला 'बार्किंग' म्हणतात. प्रशिक्षणात शिकवलेली युक्ती मी केली: कागदाची पट्टी ओठांसमोर धरायची, 'प' म्हटला की ती हलते, 'ब' म्हटला की हलत नाही. तीस मुलांसमोर पट्टी धरून मी ठणठणीत आवाजात 'पार्किंग' म्हटलं. पट्टी जागची हलली नाही! पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. मागच्या बाकावरचा एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, "टीचर, यू ऑल्सो बार्किंग." वर्ग कोसळला.

संध्याकाळी आरशासमोर उभी राहून शोध लावला. आपला मराठी 'प' हवा न सोडता येतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' हवा सोडत येतो, आजी 'फळ' म्हणायची तसा, ओठ मिटून. चाळीस वर्षं इंग्रजी बोलत होते आणि हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पट्टी हलली, टाळ्या पडल्या.

शारजाहची शेजारीण

आखातातल्या शाळांबद्दल. 'दुबईत टीचर' म्हटलं की इकडच्या नातेवाइकांना सोन्याची बिस्किटं दिसतात. मी २०१६ मध्ये भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत लागले ती ३,५०० दिरहमवर, म्हणजे तेव्हाचे ६३ हजार. एकटी राहिले असते तर भाड्यातच निम्मे गेले असते. पण मी नवऱ्याच्या व्हिसावर होते, आणि हे शाळेला चांगलंच ठाऊक असतं. घर आहे, विमा आहे, मग बाईंना कशाला भत्ता? स्टाफरूममधल्या बहुतेक बायका अशाच होत्या. पगाराच्या चिठ्ठीवरून कुणी कुणाशी बोलत नसे.

तीन वर्षांनी ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत गेले, ७,८०० वर. तिथे माझी इंग्रजीची परीक्षा कुणी घेतली नाही. बी.एड. साक्षांकित आहे का आणि शिक्षकाचा परवाना आहे का, हे दोनच प्रश्न. म्हणून मिरजकर, भाचीचं बी.एड. हे तिचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. तिकडे आयकर नाही, आणि नोकरी सोडताना कायद्याने ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. 'मूळ' या शब्दावर बोट ठेवून करार वाचायचा. माझ्या पहिल्या करारात ३,५०० पैकी मूळ फक्त १,५०० होते. सही करताना मी ते पाहिलंच नाही, पेन कुठलं वापरायचं ते विचारलं.

भटक्या७७

मी बी.एड.वाला नाही, मेकॅनिकल इंजिनिअर. २०१८ मध्ये कंटाळून थायलंडला गेलो, परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं १२० तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट (टेफल) घेऊन. पर्यटक व्हिसावर जाऊन शाळा शोधली. हे करू नका. शाळेने 'कागद करतो, करतो' म्हणत चार महिने ताटकळत ठेवलं आणि मला व्हिसासाठी लाओसच्या फेऱ्या माराव्या लागल्या. पगार २२ हजार बाथ, तेव्हाचे साधारण ४६ हजार रुपये. माझ्यासोबतच्या फिलिपिनो शिक्षिकांनाही तेवढेच. गोऱ्यांना ३५ हजारांपासून पुढे.

नंतर हनोईत एका सेंटरमध्ये डेमो दिला. मुलं खूश, पोरांनी बाहेर जाताना हात मिळवले. मॅनेजरीणबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "शिकवणं उत्तम, पण पालकांना फोटोत…" आणि वाक्य अर्धवट सोडून स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं. ती जागा एका पूर्व युरोपियन मुलाला मिळाली. तो मला नंतर व्हॉट्सॲपवर व्याकरण विचारायचा आणि मी सांगायचो. (हलकेच घ्या, बियर तो पाजायचा.)

पैसे साठले का? नाही. मजा आली का? प्रचंड. पण तिशीत, डोक्यावर कर्ज नसताना.

मराठी_माध्यम

माझा अनुभव छोटा आहे, कारण मी गेलेच नाही. जपानमध्ये परकीय भाषा शिकवण्याच्या 'इन्स्ट्रक्टर' व्हिसासाठी नियम असा आहे की त्या भाषेतून तुमचं किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मग गावचं हायस्कूल. पुढे अकरावी ते एम.ए. इंग्रजीतून, सात वर्षं. विद्यापीठात पहिली आले होते. मुलाखत घेणारा म्हणाला, तुमचं इंग्रजी उत्तम आहे, पाच वर्षं कमी पडतात.

मिरजकर

हे वाचून पोटात तुटलं. भाची पहिलीपासून इंग्रजी माध्यमात आहे, ताईशी त्यावरून मी कडाक्याचं भांडलो होतो. असो.

परभणीकर सर

मी या धाग्यावरचा बहुधा सर्वांत ज्येष्ठ. नेट उत्तीर्ण होऊन अकरा वर्षे तासिका तत्त्वावर, ज्याला आपल्याकडे सी.एच.बी. म्हणतात, तीन महाविद्यालयांत शिकवीत होतो. मानधन वर्षातून दोनदा, तेही प्राचार्यांच्या दारात उभे राहिल्यावर. २००८ साली इथिओपियातल्या एका सरकारी विद्यापीठात इंग्रजीचा अधिव्याख्याता म्हणून गेलो. तिकडे नवी विद्यापीठे झपाट्याने निघत होती आणि प्राध्यापक भारतातून मागवले जात. त्याही आधी, सम्राट हेले सेलासींच्या काळात, आपल्याकडचे, विशेषतः केरळचे, शाळाशिक्षक मोठ्या संख्येने गेलेले. खेड्यातले म्हातारे मला 'इंडियन टीचर' म्हणून हात धरून कॉफीला बसवीत.

पगार हजार डॉलरच्या आसपास. मला तो अमाप वाटला.

रुजू झालो त्या दिवशी विभागप्रमुख म्हणाले, उद्या दोन वाजता तुमचे पहिले व्याख्यान. मी सकाळी टिपणे काढली, जेवलो, कोट घातला आणि पावणेदोनला वर्गात गेलो. वर्ग रिकामा. शिपायाने हसत हसत समजावले. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे दोन म्हणजे सकाळचे आठ, आणि ते केव्हाच वाजून गेले होते. ऐंशी विद्यार्थी तासभर वाट पाहून गेले. घड्याळी तासिकांवर अकरा वर्षे काढलेला माणूस पहिल्याच दिवशी घड्याळानेच चुकला! वर्षही त्यांचे आपल्यापेक्षा सात-आठ वर्षे मागे आणि महिने तेरा. घरी पत्रात लिहिले की मी तरुण झालो आहे.

चार वर्षे राहिलो, बहिणीचे लग्न केले, घर बांधले. सहावा वेतन आयोग लागू झाल्यावर इकडच्या कायम प्राध्यापकांचे पगार माझ्या डॉलरांच्या पुढे गेले. मी कायम कधी झालोच नाही, तो भाग वेगळा.

चिपळूणचा

मालदीव कुणीच कसं लिहिलं नाही? भारतीय शिक्षक तिथे कित्येक वर्षं जातायत. मी २०१४ ला एका बेटावरच्या सरकारी शाळेत होतो. बेटाला पायी चक्कर मारायला वीस मिनिटं. पगार ११ हजार रुफिया, म्हणजे ४३ हजारांच्या आसपास. खर्च काहीच नाही, कारण खर्चायला दुकानंच नाहीत. शाकाहारी माणसाने मात्र विचार करून जावं. टूनाचं पातळ सार, भात, लिंबू, मिरची, रोज. मला चिपळूणला असल्यासारखं वाटायचं, माझ्या रूममेटने पहिल्या टर्मलाच राजीनामा दिला. खरी अडचण पैसे घरी धाडण्याची: पगार रुफियात, आणि बाहेर पाठवायला डॉलर हवे तेवढे मिळत नाहीत. जाण्याआधी सध्याची मर्यादा किती, ते तिथे आत्ता काम करणाऱ्याला विचारा, एजंटला नको.

पार्किंगवाली

व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) चार जणांनी सेल्टाबद्दल विचारलं म्हणून इथेच लिहिते. इंग्रजी शिकवायला शिकवणारा केंब्रिजचा कोर्स, पूर्ण वेळ केला तर चार आठवडे. १२० तासांचं प्रशिक्षण आणि सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं. स्वस्त ऑनलाइन टेफलमध्ये नेमकं हे शिकवणंच नसतं. महाग आहे, लाखाच्या वर जातो. मी पाच वर्षांच्या नोकरीनंतर केला आणि पहिल्याच धड्यानंतर निरीक्षिकेने स्टॉपवॉच दाखवलं: ४० मिनिटांपैकी ३१ मिनिटं मी बोलत होते. आपण सगळे असेच शिकवतो. नुसता सेल्टा करून पासपोर्ट बदलत नाही, पण आखातातल्या कॉलेजात अर्ज ढिगाच्या वर जातो. विद्यार्थिदशेत कर्ज काढून करू नका.

वाचनमात्र

कुणी इंग्लंडचं विचारणार असेल तर: २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तिथला क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा सरकारी दर्जा, मिळवायची वाट खुली झाली, पण अट गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांची. इंग्रजांना इंग्रजी शिकवायला आपण नको, गणित शिकवायला चालतो.

शिक्के_मोर्तब

माझं कामच साक्षांकनाचं, त्यामुळे कोरडं पण उपयोगाचं लिहितो. पदवीचा प्रवास साधारण असा: विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय. पुढे देश अपोस्टील (कागदपत्रं एकाच शिक्क्यावर परस्पर मान्य करायचा आंतरराष्ट्रीय करार) मानणारा असेल तर एक स्टिकर पुरतो. भारत त्या करारात २००५ पासून आहे, ओमान आहे, चीन २०२३ च्या नोव्हेंबरात आला. अमिरातीसाठी मात्र अजून दूतावासाचा शिक्का लागतो.

एजंट मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. १ लाख ८० हजार हा आकडा ऐकताच फोन ठेवायचा.

आणि आपल्याकडचं खास दुखणं: नाव. पदवीवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी वर आईचंही. पासपोर्टवर लग्नानंतरचं. तिकडच्या संगणकाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. राजपत्र, विवाह नोंदणी दाखला आणि एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधी तयार ठेवा. याच पायी ऑफर लेटरची मुदत संपलेली मी दर महिन्याला बघतो.

मिरजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कोरिया बाद, एफडी शाबूत. भाची आता मस्कत आणि शारजाह दोन्हीकडे अर्ज करतेय, परवान्याचं वाचतेय, आणि घरात ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'पेन, पेपर, पार्किंग' चाललंय.

एक नवीनच अडचण. २०१९ च्या पुरात ताईच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्यानंतर घाबरून तिने दहावीपासूनच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका आणि पदव्या लॅमिनेट करून घेतल्या. चकाचक, दोन्ही बाजूंनी. शिक्के मारायला मागे जागाच नाही. लॅमिनेशन काढता येतं का?

शिक्के_मोर्तब

इस्त्री फिरवू नका! शाईसकट निघतं, दोन जणांचं झालेलं पाहिलंय. विद्यापीठात दुय्यम प्रतीचा अर्ज उद्याच करा, बी.एड.चा सगळ्यात आधी. फाइल कोणत्या खिडकीवर द्यायची ते व्यनि करतो.